वगळलेले चार उंदीर

माझ्या प्रबंधात आठ उंदीर आहेत. खरे बारा होते. ही गोष्ट मी चार वर्षं कुणाला सांगितली नाही, आणि जेव्हा सांगायची अगदी निकड होती तेव्हाही तोंड उघडलं नाही. आज सांगते आहे म्हणून माझं कौतुक करायला कुणी धावू नये.

मी उज्ज्वला. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माहेर विंचूरचं. वडील मी लहान असतानाच गेले. आई, चंद्रभागा, एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडायला जायची. खळं म्हणजे मोठं मोकळं आवार. तिथे साठवणीच्या चाळीतून आलेला कांदा ओततात आणि बायका ओळीनं बसून तो निवडतात. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, काजळी धरलेला, कोंब फुटलेला, सडका तिसरीकडे. शाळा सुटली की मीही तिच्याशेजारी बसायचे. तिथला एक नियम होता. बाईनं बाजूला टाकलेला खराब कांदा तिच्या उजव्या हाताशीच ढीग करून ठेवायचा. संध्याकाळी मुकादम येऊन तो ढीग उलथून बघायचा, कारण घाईघाईत चांगला कांदाही त्यात जातो. आईचा ढीग उलथला की त्यात चांगला कांदा कधी सापडायचा नाही. तिला त्याचा फार अभिमान होता.

मी शिकत गेले. पुण्यात संशोधनाला लागले तेव्हा विंचुरात माझं नाव 'उंदरांची डॉक्टरीण' पडलं. मला राग यायचा, आई मात्र हसून सगळ्यांना सांगायची की उजा उंदरांचं काळीज बघते.

ते खरंच होतं. शरीरातल्या बऱ्याच पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. हृदयाच्या स्नायूपेशींना ही चैन नाही. त्या बहुतेक जन्मभर त्याच. पण पेशी तीच असली तरी तिच्या आतला माल तोच राहत नाही. दिवसाला लाखभर वेळा आकसायचं आणि सैल व्हायचं म्हटल्यावर आतली प्रथिनं झिजतात, वाकडी होतात. अशा वाकड्या प्रथिनाला पेशी एक खूण चिकटवते. खूण लागलेलं प्रथिन नळकांड्यासारख्या एका बारीक यंत्रात ओढलं जातं, त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून पुन्हा नवं प्रथिन घडतं. हे अखंड चालू असतं. आपण निवांत बसलेलो असतो तेव्हाही हृदयाची प्रत्येक पेशी स्वतःला थोडी मोडत असते, थोडी बांधत असते.

मला तेव्हा ही मोडणारी बाजू शत्रूच वाटायची. आजारी हृदयात मोडतोड फार होते, ती औषधानं आवरली तर हृदय टिकेल, असा माझा तर्क होता. म्हणून मी बारा पांढऱ्या उंदरांना ते यंत्र बंद पाडणारं औषध दिलं. आठांचं ठीक चाललं. आकडे मला हवे तसेच येत होते. चार मात्र तिसऱ्या आठवड्यात कोपरा धरून बसले. केस पिंजारलेले, श्वास धापा टाकल्यासारखा. एकामागून एक मेले. मी त्यांना उघडून पाहिलं. फुप्फुसात पाणी साचलेलं होतं, हृदय फुगून सैल पडलेलं होतं.

प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही त्याचा अर्थ कळला असता. मलाही कळला होता. हृदय रक्त पुढे ढकलू शकलं नाही म्हणून फुप्फुसात पाणी साचलं होतं. पण माझ्या वहीत मी लिहिलं, 'फुप्फुसाचा संसर्ग.' जूनमध्ये नाशिकच्या कॉलेजात मुलाखत होती, मे महिन्यात माझं लग्न होतं, आणि प्रयोग पुन्हा करायचा तर सहा महिने गेले असते. माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "चार कुठे गेले?" मी म्हणाले, "पिंजऱ्यात साथ आली होती, सर." सर भला माणूस. त्यांनी विश्वास ठेवला. खळ्यावर मुकादम असायचा, पुण्यात माझा ढीग उलथून बघायला कुणी नव्हतं. प्रबंधात आठच उंदीर गेले. आपण सडका माल बाजूला काढला, एवढंच केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्याच वर्षी, २००४ साली, प्रथिनांना ती खूण कशी लागते या शोधाला नोबेल मिळालं. आमच्या प्राचार्यांनी उत्साहानं माझं व्याख्यान ठेवलं. मी तासभर बोलले. टाळ्या झाल्या. एका मुलीनं उठून विचारलं, "मॅडम, हे यंत्र हृदयात बंद पडलं तर काय होईल?" मी म्हणाले, "त्यावर अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही." काय पण उत्तर! घरी आल्यावर जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी सगळं विसरले.

२००७ च्या पावसाळ्यात आईची पाठ दुखायला लागली. आधी ते दुखणं खळ्यावरच्या बसण्यावर ढकललं. मग रक्त फारच कमी निघालं, हाडांत भोकं दिसली, आणि नाशिकच्या डॉ. देवऱ्यांनी निदान केलं. हाडांच्या मज्जेतला कर्करोग. भाऊ धनराज विंचूरचं घर आणि दुकान सांभाळून होता, म्हणून आई माझ्याकडे राहायला आली. नवरा नोकरीमुळे बाहेरगावी असायचा. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुचवलं. आठवड्यातून दोनदा, दोन आठवडे, मग एक आठवडा सुट्टी, अशी एक फेरी. पुन्हा पहिल्यापासून. जोडीला स्टिरॉइडच्या गोळ्या. औषधाचं काम कसं चालतं हे त्यांनी समजावलं. ते औषध त्याच यंत्राला बंद पाडणारं होतं. नाव वेगळं, बनावट सुधारलेली, पण कूळ तेच.

मी लगेच स्वतःला समजावलं. हे औषध तपासून, मोजूनमापून बाजारात आलंय. माझे उंदीर म्हणजे काय? चार उंदीर. आणि आईला औषध हवंच होतं.

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी आईनं विचारलं, "ह्ये काय करतं गं नेमकं?"

मी शहाणपणा मिरवायला टपलेलीच असते. म्हटलं, "आई, खळ्यावर सडका कांदा कोण काढतं?"

"आम्हीच की."

"तुम्ही आठ दिवस आलाच नाहीत तर?"

"समदा ढीग नासंल."

"तसंच. त्या वाईट पेशी भरमसाट प्रथिनं बनवतात. त्यातली बिघडलेली काढायला त्यांच्याकडेही निवडणाऱ्या असतात. हे औषध निवडणाऱ्यांना घरी बसवतं. मग पेशी आपल्याच घाणीत बुडून मरते."

आईला हे फार पटलं. मग म्हणाली, "आन चांगल्या पेशीतल्या निवडनाऱ्या? त्या बी घरी बसत्यात का?"

खळ्यावर तीस वर्षं काढलेल्या बाईनं, शाळेत चौथीही पुरी न झालेल्या, माझ्या सगळ्या प्रबंधाला एका वाक्यात हात घातला होता. मी म्हणाले, "चांगल्या पेशींना सोसतं, आई. तू नको डोकं शिणवू."

दोन फेऱ्या छान गेल्या. पाठीचं दुखणं थांबलं, रक्त वाढलं, रिपोर्ट पाहून डॉक्टर खूश झाले. दुसऱ्या फेरीनंतरच्या सुट्टीत एका सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "उजा, मला लय दम लागतो गं. जिन्यात दोनदा थांबले. आन पाय बी बघ."

पायावर सूज होती. मी बोटानं दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

त्या क्षणी मला ते चार उंदीर दिसले. थोडे आठवले असं नाही, अगदी स्पष्ट दिसले, कोपऱ्यात केस पिंजारून बसलेले. आणि मी माझ्या आईला म्हणाले, "दिवसभर बसून असतेस ना, म्हणून दम लागतो. रोज थोडं चालत जा."

"बरं," आई म्हणाली.

असं का बोलले, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. औषध लागू पडत होतं, ते बंद झालं तर कर्करोग उसळेल ही भीती होती, हे खरं. पण तेवढंच असतं तर मी डॉक्टरांना निदान विचारलं असतं. विचारलं नाही, कारण ते म्हणाले असते, तुम्हाला ही शंका आली कशावरून? मग मला उंदीर सांगावे लागले असते. त्याच महिन्यात माझ्या बढतीचे कागद पुढे गेले होते आणि त्यात तो आठ उंदरांचा शोधनिबंध सगळ्यात वर होता. इतकं क्षुद्र कारण होतं. लिहितानाही मान खाली जाते.

तीन दिवसांनी तिसरी फेरी सुरू झाली. डॉ. देवऱ्यांनी विचारलं, "आजी, काही त्रास?" आईनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांसमोर आपण काही वेडंवाकडं बोलू अशी तिला धास्ती असते, म्हणून ती नेहमी आधी माझ्याकडे बघते. मी म्हणाले, "पायांना थोडी सूज आहे डॉक्टर. स्टिरॉइडची असेल."

"असते तशी," ते म्हणाले. "दम वगैरे?"

"वयानुसार."

आईनं हात पुढे केला. सुई टोचली गेली. त्या फेरीत अशा चार सुया झाल्या, आणि चारही वेळा तिच्या वतीनं मीच उत्तर दिलं.

आईनं पाय दाखवले त्याच्या सोळाव्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई पायरीवर बसलेली. शेजारच्या मंगलाबाई तिला पाणी पाजत होत्या. ओठ काळसर पडले होते, नाकपुड्या फुलत होत्या. बाजूला मेथीची जुडी पडली होती. "अहो, अर्धा तास झाला, उठवत नाही यांना," मंगलाबाई म्हणाल्या. आई मला बघून ओशाळी हसली आणि हसताना तिला खोकला आला.

रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. तिच्या छातीतून घुरघुर ऐकू येत होती. मला ती घुरघुर कशाची ते माहीत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भीतीपेक्षाही लाजच जास्त वाटत होती, आणि तशी ती वाटतेय याची पुन्हा वेगळी.

डॉ. देवरे कफाबद्दल काही बोलायला लागले तेवढ्यात मी म्हणाले, "डॉक्टर, हिच्या हृदयाचा एको करा. आत्ता. त्या इंजेक्शनमुळे असेल."

एको झाला. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं साठेक टक्के रक्त बाहेर टाकतं, आईचं अठ्ठावीसवर आलं होतं. इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं. पाणी काढणारी औषधं सुरू झाली, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी आई उशीला टेकून चहा प्यायली. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "मॅडम, हे फार क्वचित होतं, माझ्या लगेच ध्यानात आलं नसतं. तुम्हाला कसं सुचलं?"

"वाचलं होतं कुठेतरी," मी म्हणाले.

"तुमच्यामुळे वाचल्या त्या."

हे वाक्य त्यांनी आईसमोर पुन्हा म्हटलं. झालं. धनराज भेटायला आला, त्याला आईनं सांगितलं, "माझ्या उजानं पकडलं. डाक्टरला बी नाय कळलं." मंगलाबाईंना सांगितलं. नर्सला सांगितलं. घरी आल्यावर विंचूरहून खळ्यावरच्या तिच्या जुन्या मैत्रिणी, चिमणाबाई आणि कुसाबाई, एसटीनं आल्या, तर त्यांच्यापुढे माझी आरतीच सुरू झाली. चिमणाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी चहा करायच्या निमित्तानं आत पळाले आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात मी एकटी डॉ. देवऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. बारा उंदीर, सोळा दिवस, चार सुया. ते ऐकत राहिले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "ते चार उंदीर छापले असते तर माझ्या वाचनात आलेच असते असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला तर छापायचीही गरज नव्हती. तुम्हाला माहीतच होतं." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी आईची केस लिहून काढायला घेतली आणि मला म्हणाले, तुमचं तुम्ही लिहा.

मी सरांना पत्र लिहिलं, निबंध छापणाऱ्या मासिकाला लिहिलं, प्राचार्यांना लिहिलं. सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'मी विचारलं होतं. तू मला पिंजऱ्यातली साथ सांगितलीस.' बढतीचे कागद परत आले. हे सगळं त्या मानानं सोपं गेलं. कागदाला तोंड नसतं.

आईला सांगायचं राहिलं होतं. तीन महिने राहिलं. दुसऱ्या गोळ्यांवर कर्करोग आवरला होता, हृदय अठ्ठेचाळीसपर्यंत वर आलं होतं. ज्या पेशी गुदमरल्या होत्या पण मेल्या नव्हत्या, त्यांची निवडानिवड पुन्हा सुरू झाली होती. प्रत्येक पाहुण्यापुढे माझं कौतुक सुरू होतं. एका रविवारी सकाळी ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "आई, मी पकडलं नाही. मला आधीपासून माहीत होतं."

मी सगळं सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत आणि काही न लपवता. ती निवडत राहिली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"किती दिस?" तिनं विचारलं.

"सोळा."

"मी तुला पाय दाखवले तवापासून?"

"हो."

तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. मी तिच्या रागाची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या, विंचूरला जाते म्हणाली असती तर मी पाया पडले असते.

"तू म्हनली ना चालत जा," ती म्हणाली, "तर मी रोज जायची. तू कालिजात गेली का निघायची, त्या कोपऱ्यावरच्या गनपतीपात्तर. लय जड जायचं. दोनदा वाटंत बसले. एकदा डोळ्यापुढं अंधारीच आली, त्या इस्त्रीवाल्यानं बाकड्यावर निजवलं. तो म्हनला, मावशी, घरी फोन लावू का? मी म्हनलं नको बाबा, पोरगी रागवंल."

मी तिच्या पायांकडे बघत होते.

"मला वाटलं, मीच आळशी झाले. लेकीच्या घरी बसून खायची चटक लागली. लय लाज वाटायची मला त्याची." तिनं मेथीची पाटी बाजूला सरकवली. "म्हून त्या दिशी बी गेलते. मेथी आनली तर तू म्हनशील, चालली बाई आई."

मी रडायला लागले. तिनं मला जवळ ओढलं नाही आणि दूरही लोटलं नाही. तिचा हात माझ्या गुडघ्याजवळ होता, तिथेच राहिला. रडणं थांबल्यावर मी नाक पुसून म्हणाले, "मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. आता किती चाललं तर चालेल, ते मी नीट विचारते त्यांना."

"तू नको," आई म्हणाली. "मी इचारते. तू नुस्ती संगं चल."